बय, हमीदाची लेक आली!

प्रिय बय,

हमीदा आली होती! आज, भर दुपारी, आपल्या दारात! आणि एकटी नाही, लेकीला घेऊन! तुला जाऊन तीन वर्षं झाली, पण ही बातमी तुला सांगितल्याशिवाय घास गिळवेना. खरकटी भांडी तशीच टाकून लिहायला बसले आहे.

तू माझी आजी, पण अख्खा कोळीवाडा तुला बय म्हणायचा, म्हणजे आईच. हमीदानंही अंगणातून तीच हाक मारली, "बय हाय का घरात?" काय सांगू गं तिला? मी तिचे दोन्ही हात धरले. तिला कळलं. ओट्यावर बसून ती पदर तोंडाशी धरून रडली.

आठवते ती सकाळ? स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. मी नऊ वर्षांची. बाबांची होडी वादळात दोन दिवस बेपत्ता झाली, तेव्हा तू पालीच्या गणपतीला एकवीस नारळ बोलली होतीस. बाबा सुखरूप परतले. तो नवस फेडायला बैलगाडी जुंपून आपण निघालो होतो. मी नवा हिरवा परकर नेसून सगळ्यांच्या आधी गाडीत! तू जन्मात पहिल्यांदा पाली बघणार होतीस.

आणि किनाऱ्यावरून ओरडा झाला. मुंबईहून म्हसळ्याकडे उतारू घेऊन चाललेला मचवा खडकावर आपटून फुटला होता. बाबा आणि बाकीचे कोळी धावत पाण्यात शिरले. एकूण एक माणूस बाहेर काढलं त्यांनी! त्यात हमीदा होती. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी निघालेली. वाळूवरच तिला कळा सुरू झाल्या.

"माज्या घरात आना तिला," तू म्हणालीस.

शेजारची काशी तुझ्या कानाशी लागली, "बय, मुसलमानाची हाय ती. सध्या दिवस कसलं हायेत, बघतीस न्हवं?"

"तिचं दिवस भरलेलं हायेत, येवढंच दिसतंय मला. तू पानी तापव जा."

काशीनं मुकाट्यानं चूल पेटवली!

ओट्यावर खारं पाणी गिळून कासावीस झालेली माणसं बसली होती. तू बाबांच्या हातात कोयता दिलास. "फोड नारळ."

"आये, नवसाचं हायेत ते!"

"देव थांबंल रं. या मानसांच्यानं थांबवंल का?"

एकवीसच्या एकवीस नारळ फुटले. आणि आत हमीदाची पोर जन्मली ती निपचित, निळीसावळी. रडेचना! तू तिला उलटी धरलीस, पाठ चोळलीस, तोंडात फुंकर घातलीस. तू गणपतीला हाका मारत होतीस आणि हमीदा अल्लाला. मी दाराआडून बघत होते. मग ती रडली, बय! काय रडली! ओट्यावरची ओलीचिंब अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली.

आणि तू काय केलंस? "गोदे, परकर काढ!" कोरं कापड तेवढंच होतं म्हणे घरात. माझ्या परकरात ती पोर गुंडाळलीस. पालीही गेली, परकरही गेला. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र त्या चार दिवसांत रोज माझ्या ताटात माशाची मधली तुकडी वाढत राहिलीस. तेव्हा मला कळलं नाही. माफी मागायची राहूनच गेली गं.

बारा दिवस हमीदा आपल्याकडे राहिली, मग तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. पुढच्या वर्षी बाबा एकटेच पालीला जाऊन नवस फेडून आले. तू का गेली नाहीस? कारण काशीची सून अडली होती. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुणी. दरवर्षी निघायच्या वेळी कुणाच्या ना कुणाच्या कळा सुरू व्हायच्या! एकदा तरी नाही म्हणायचं होतंस की! पाली न बघताच गेलीस. याचा राग आहे हं माझा, अजून आहे.

पण ती पोर बघायला हवी होतीस तू! रेहाना नाव तिचं. उंच, ठसठशीत, हसली की घर भरून जातं. येत्या शुक्रवारी तिचं लग्न आहे. हमीदा म्हणाली, "माजी आई कवाच गेली. हिला म्या ल्हानपनापासून सांगत आली, तुजी आजी दर्याकाठी ऱ्हाते. बयला न्यायला आली हुती मी. आता गोदे, तू चल."

रेहानानं वाकून आपल्या उंबऱ्याला हात लावला. याच घरात जन्मली ना!

बय, मी जाणार! शुक्रवारी म्हसळ्याला जाईन, तुझ्या जागी उभी राहीन आणि रेहानाच्या डोईवर हात ठेवून तुझा आशीर्वाद देईन. हे माझं वचन. रडणार नाही, असं मात्र कबूल करत नाही.

तुझीच भांडखोर,
गोदी