माझ्या खोलीतला कॉम्प्युटर

१९ सप्टेंबर, गुरुवार

बाबा हो म्हणाले! अर्धं हो. पण हो.

गणपतीत आमच्या होमस्टेवर पुण्याचे पाहुणे होते. त्यांची मुलं दिवसभर मोबाईलमध्ये, समुद्राकडे बघायलाही तयार नाहीत. त्यांचे वडील जेवताना म्हणाले, "आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे ते कॅसेटवाले गेम इथे असते ना, तर मीच उठलो नसतो." तेव्हापासून ते वाक्य डोक्यात आहे. त्या जुन्या मशिनी आता मिळत नाहीत, मिळाल्या तर बंद पडलेल्या. पण साधा डेस्कटॉप कॉम्प्युटर त्यांची हुबेहूब नक्कल करू शकतो. इम्युलेशन म्हणतात त्याला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट त्यावरच होता. म्हणजे शिकले ते कुठेतरी उपयोगी पडणार!

बाबांची अट अशी: पाहुण्यांसाठी काढलेली ही गेमची खोली नाताळपर्यंत चालली, पाहुणे वाढले, तर एमसीएचा फॉर्म. पनवेलला हॉस्टेल. नाही चालली तर आत्याने आणलेलं पालीचं स्थळ. "मंग न्हाय म्हनायचं न्हाय."

खोली कुठली? माझी. पाहुण्यांची खोली अडकवणार कोण! वादळात सुपारीच्या पोफळी गेल्या तेव्हापासून घर म्हणजे होमस्टे आणि आम्ही घरात उरलेले. सीझनमध्ये सगळे पडवीतच झोपतो. आता मी कायमची पडवीत.

चालेल. पनवेल मिळत असेल तर अंगणातसुद्धा झोपेन.

२४ सप्टेंबर

आठवडाभर वाचतेय. नक्की झालं. चुलतभाऊ विपुलला मोठा टॉवर हवाय — ग्राफिक्स कार्ड, काचेची बाजू, आत रंगीत दिवे. त्याला समजावलं, जुन्या मशिनीची नक्कल करताना कॉम्प्युटरला दहा डोकी लागत नाहीत, एक वेगवान डोकं लागतं. ग्राफिक्स कार्ड नव्या गेमसाठी. आपल्या पाहुण्यांच्या लहानपणच्या गेमना ते काय करायचंय?

मला हवा तो ऑफिसातून निघालेला छोटा डबा. जाड पुस्तकाएवढा. आठव्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एसएसडी. वीज पंख्याइतकी खातो, म्हणजे लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर चालेल. आणि टॉवरला एवढे पंखे, ते खारी हवा आत ओढणार. दोन पावसाळ्यांत आतलं सगळं गंजून जाईल.

विपुल म्हणाला, "ताई, पाहुणा आत आला की डोळं दिपायला पायजेत. तुझा डबा बघून त्याला वाटेल सेट-टॉप बॉक्स हाय."

बाबा हसले. खूप हसले.

१२ ऑक्टोबर, दसरा

खरेदी दसऱ्यालाच, मुहूर्तावर. बाबा कधी ऐकतात! माणगावच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो हार, पेढे घेऊन. दुकानदार माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी प्रोसेसरचं विचारलं, उत्तर विपुलला दिलं. मी इन्व्हर्टरचं विचारलं, उत्तर बाबांना दिलं — "शेट, दसऱ्याला सोनं घ्यायचं का पितळ?"

टॉवर घेतला. काचेचा. दिव्यांचा.

घरी आणल्यावर बाबांनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. माझ्या हातून एक फूलसुद्धा वाहवलं नाही.

"तोंड का वाकडं? तुझ्यासाठीच घेतला न्हवं?"

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचे पाहुणे. घर भरलेलं. संध्याकाळी वाड्यांना शिंपण सुरू झालं. आळीतले सगळे पंप एकदम चालू, व्होल्टेज पडलं, ट्यूब लुकलुकल्या, आणि टॉवर — फट्! गेम शेवटच्या पातळीवर होता. पुन्हा चालू केला, पुन्हा फट्! इन्व्हर्टरवर टाकला तर इन्व्हर्टरच बोंबलायला लागला.

पाऊस संपला की उरलेल्या, नव्या लावलेल्या पोफळींना पाणी लागतं, दर वर्षी याच दिवसांत पंप सुरू होतात. हे बाबांना माहीत नाही? या गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. कमी विजेचा डबाच घ्या म्हणून मी सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं. पण मी सांगितलं होतं ना!

ठाण्याचे एक काका विपुलच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय इंजिनीअर, कॉम्प्युटरला पण दिवाळीची सुट्टी का?" विपुल माझ्याकडे बोट दाखवून मोकळा. "ताईनं सेटिंग केलंय."

७ नोव्हेंबर

एकटी माणगावला गेले. टॉवर मांडीवर. एसटीतल्या बायका विचारत होत्या, "टीव्ही हाय काय गो?"

दुकानदार पहिलं वाक्य म्हणाला, "भाऊ न्हाय आला?" शेवटी बदलून दिला. त्याच्याकडे मागे पोत्यावर तसलाच छोटा डबा पडून होता! ऑफिसचा, आठव्या पिढीचा, जसा मला हवा होता तसाच. फरकाचे पैसे मात्र परत नाहीत. "वापरलेला माल झाला, मॅडम." मॅडम! दसऱ्याला मी तिथे नव्हतेच बहुतेक.

संध्याकाळी पंप चालू असताना लावला. ट्यूब लुकलुकत होत्या. डबा शांत.

बाबा जेवायला बसले, विपुल गेम खेळायला.

१६ नोव्हेंबर

मी ठरवलं होतं, चोरीचे गेम नाहीत. हौशी लोकांनी बनवून फुकट वाटलेलेच ठेवायचे. आपण पाहुण्यांकडून पैसे घेणार, तर निदान माल स्वच्छ हवा. छान निवडून भरले होते.

मी स्वयंपाकघरात सोलकढीला नारळ खवत होते तेवढ्यात विपुलने पेनड्राईव्ह आणून हजारो गेम ओतले. बाबांना म्हटलं, हे बरोबर नाही. म्हणाले, "समुद्रातली मासली कुनाची? ज्याच्या जाल्यात आली त्याची. शिकून तुझं डोकं लई नाजूक झालं."

पाहुणे ओतलेलेच खेळतात. माझे कुणी उघडतही नाही.

२५ डिसेंबर, नाताळ

खोली चालली! चालली म्हणजे काय, ओसंडली. चाळिशीचे बाप पोरांना बाजूला सारून खेळतायत. एका बाईंनी नवऱ्याला जेवायला तिसऱ्यांदा हाक मारली, मग स्वतःच दुसरा रिमोट घेऊन बसल्या. एक कुटुंब हरिहरेश्वरचं बुकिंग सोडून इथेच राहिलं. बाबांनी रस्त्यावर पाटी लावली — 'लहानपणीचे व्हिडिओ गेम'.

पाहुण्यांना सांगतात, "आमच्या पुतन्यानं बसवलंय."

मी ताक वाढत होते. ऐकलं. असू दे, नाव त्याचं असू दे. पनवेल माझं आहे.

४ जानेवारी

आज बाबांना म्हटलं, फॉर्म निघालाय.

"कसला?"

खरंच विचारलं त्यांनी. कसला!

आठवण करून दिली. म्हणाले, "चाललीय ना खोली? मंग चाललेलं सोडून कुठं जातेस? तू गेलीस तर ती बगनार कोन?"

विपुल, म्हटलं.

विपुल लगेच हात जोडून उभा! "मला त्यातलं काय कळतंय काका? ताईलाच जमतं ते. मी आपला गिऱ्हाईक आननार." चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने माझं श्रेय मला दिलं.

खोली बंद पडली असती तर पालीला गेले असते. चालली, तर इथेच. मग पनवेल नक्की कुठल्या रस्त्यावर होतं? मी इतका विचार करून डबा निवडला. न पडणारा, न तापणारा, वर्षानुवर्षं चालणारा. माझ्याच हातांनी.

११ जानेवारी

आत्या आली होती. बाबांनी पालीच्या स्थळाला नाही कळवलं. "सध्या पोरीची घरात गरज हाय."

आत्या म्हणाली, "सुटलीस बाय!"

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ती कधीच बोलत नाही — आणि मलाही आता तिच्यावर रागावायचा कंटाळा आलाय.

१८ जानेवारी

पाहुणे. पंप. गेम. पाहुणे.

२२ जानेवारी

फॉर्मची मुदत परवा संपते. मुदत वाढवून देतात म्हणे. वाढवली तरी माझ्यासाठी काय?

२३ जानेवारी

सकाळी आई माझ्या खोलीची लादी पुसत होती. बादलीतलं पाणी उडालं म्हणते. कॉम्प्युटर गेला. आत पाणीच पाणी, तिरका केला तर धार लागली. काल चालू होता, आज मेला. बाबा घर डोक्यावर घेऊन ओरडले, "बंद करा ह्ये खूळ! खोली पाहुन्यांना द्या. आता एक दमडी घालनार न्हाय!" आई खाली बघून लादी कोरडी करत राहिली.

डबा स्क्रीनच्या मागे भिंतीला स्क्रूने बसवलेला होता. माझ्या खांद्याइतका उंच.

बाबा वाडीत गेल्यावर आईने फडकं पिळलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, "फॉर्मला फोटू लागतो काय गो?"