वन्संनी लावलेली संदर्भसूची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. शरीराने साथ सोडली आहे, डॉक्टरांनी हात टेकले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. तरीही कोणाला शंका असेल तर त्याने माझ्याशी अर्धा तास वाद घालून पाहावा.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, माझ्या मुलाला मिळावे. मात्र माझ्या नणंदबाई, ज्यांना मी लग्नापासून वन्सं म्हणत आले, त्या तेथे तहहयात राहतील. त्यांच्यासमोर घर विकण्याचा विषय काढू नये. हळू आवाजातही काढू नये, त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

कलम २. बँकेतील ठेव मुलाची. त्यातून आधी वन्संची औषधे आणि दिवसभर सोबतीला येणाऱ्या बाईंचा पगार, मग मोटार. (मोटारीचे तू बोलला नाहीस रे, सूनबाई बोलल्या.)

कलम ३. माझा सूक्ष्मदर्शक कॉलेजला देऊ नये. आमच्या विभागप्रमुखांनी तो, मी पदरचे पैसे घालून आणलेला असताना, स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला आणि मी मागायला गेले की “बाई, एवढी घाई कसली?” असे विचारले. ते आता नाहीत. मी त्यांना माफ केले आहे असे कोणी म्हणू नये. सूक्ष्मदर्शक खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना द्यावा. त्यांनी एकदा त्यातून दगडफुलाचा तुकडा पाहिला आणि “अगं बाई!” म्हणाल्या. आमच्या विभागात असे कोणी कधी म्हटले नाही.

कलम ४. हे आणि पुढचे कलम वन्संसमोर वाचू नये. त्या वेळी त्यांना गॅलरीत बसवावे.

मी आयुष्यभर जुन्या दगडी भिंतींवर वाढणारे दगडफूल मोजले आणि त्यावर लेख लिहिले. लेखाच्या शेवटी संदर्भसूची लागते: कोणाचे काम, कोणत्या साली, कोणत्या अंकात, कोणत्या पानावर. त्यातही प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा निराळी. एकाला आडनाव आधी हवे, दुसऱ्याला साल कंसात, तिसऱ्याला नुसते क्रमांक. मला या कामाचा मनस्वी कंटाळा. मी समासात ‘त्या टकल्या गृहस्थाचा ओलाव्यावरचा लेख’ एवढेच खरडायचे. वन्सं ग्रंथालयात नोकरीला होत्या. टकले गृहस्थ कोण, हे त्या शोधून काढायच्या आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसून सूची लावायच्या.

“वहिनी, पान नंबर कुठाय?”

“असू द्या हो वन्सं, कोण बघतंय?”

“मी बघतेय ना!”

असे आमचे सगळे लेख झाले. ‘आमचे’ हे आत्ता लिहिते आहे. छापताना मी ‘माझे’च छापले. तळाशी आभाराची एक ओळ, संपले. त्यांचे नाव वर घालावे हे मला सुचले नाही आणि त्या कधी बोलल्या नाहीत. आता ते फार लागते मनाला.

शेवटच्या लेखात मात्र मी त्यांचे नाव घातले. तरुणपणी ज्या भिंती मोजल्या, त्याच भिंतींवर आज काय उरले आणि काय गेले, असा तो लेख आहे. त्यांचे नाव सहलेखिका म्हणून पाहून वन्संनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, “नाव लागणार म्हणजे आता सूची नीट करायला हवी, नाही का गं?” जसे काही आधी वाकडी करत होत्या! सगळा उन्हाळा त्या सूचीत गेला. मी ती न वाचता पाठवली. वन्संची सूची तपासायची कल्पनासुद्धा माझ्या डोक्यात कधी आली नव्हती.

संपादकांचे उत्तर आले की बरेच संदर्भ सापडत नाहीत, कृपया पुन्हा पाहावे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खरमरीत उत्तर लिहायचे म्हणून एकेक संदर्भ शोधायला बसले. स्वल्पविराम जागच्या जागी, कंस जागच्या जागी, पानांचे आकडेसुद्धा. फक्त ती पुस्तके जगात नव्हती. एका नियतकालिकाचा तर ते सुरू होण्याच्या आधीचा अंक होता. आणि एका ओळीत लेखक म्हणून माझ्या यजमानांचे नाव, म्हणजे वन्संच्या थोरल्या भावाचे. हे गृहस्थ जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत होते, वाणसामानाच्या यादीपलीकडे त्यांनी काही लिहिले नाही. पुस्तकाचे नाव ‘ओल धरलेल्या भिंती’, दुसरी आवृत्ती. दुसरी! मी आधी हसले. मग रडू आवरेना.

त्यांना विसर पडतो हे दिसत होते. गॅस चालू राहायचा, तीच गोष्ट त्या पुन्हा सांगायच्या. पण सूची लावताना इतक्या तरतरीत दिसायच्या की मी मनाची समजूत घातली.

मुलगा फोनवर म्हणाला, “आई, दुसऱ्या कुणाकडून तरी सूची करून घेऊ. लेख छापून येऊ दे ना.”

“आणि आधीची कोणी केली, असं संपादकांनी विचारलं तर?”

लोक काही म्हातारपण म्हणणार नाहीत, लबाडी म्हणतील. तेही ज्या एकाच लेखावर वन्संचे नाव आहे, त्याच्याबद्दल. नाव काढावे तर माझा हात धजत नाही.

कलम ५. लेखक वारला तर लेख छापायला वारसांची संमती लागते. ती संमती देऊ नये. माझ्या मुलाने, या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून, लेखिका वारल्यामुळे लेख मागे घेत आहोत, एवढेच संपादकांना कळवावे. दुसरे कारण देऊ नये. मी जिवंतपणी तो मागे घेत नाही, कारण वन्सं रोज विचारतात, “आला का गं आपला लेख?” माणूस गेल्यावर कारण कोणी विचारत नाही. मी केलेल्या कामातले हे सर्वांत चांगले काम आहे आणि ते कोणी वाचणार नाही. मला वाईट वाटते आहे, खूप वाईट वाटते आहे. लपवून काय करू? ही गोष्ट वन्संना <s>कळू</s> नये.

कलम ६. वन्संना कोरे कागद आणि टोक केलेली पेन्सिल मिळत राहावी. त्या सूची लावायला बसल्या तर बसू द्यावे. पान नंबर विचारला तर कोणताही सांगावा, पण ठामपणे सांगावा. चाचरलेले त्यांना चालत नाही.

दुरुस्ती, सही करण्यापूर्वी. आज सकाळी मी हे पक्के लिहीत असताना वन्सं समोर येऊन बसल्या. मग अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, “वहिनी, दादानं कुठे पुस्तक लिहिलंय गं?”

मी पेन खाली ठेवले.

“बाकीचीही तसलीच असतील. मागे घे तो लेख.”

“वन्सं, अहो…”

“घे म्हणते ना. पण घेतलास की मला सांगू नकोस हं. माझं नाव छापून येणार आहे, एवढं राहू दे माझ्याकडे.”

म्हणून कलम ५ च्या शेवटच्या वाक्यातील ‘कळू’ हा शब्द मी खोडला आहे. तेथे ‘सांगू’ असे वाचावे. खोडलेल्या जागी दोन्ही साक्षीदारांनी सही केली आहे.

ठिकाण: राहते घर
तारीख: ९ मार्च

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार पहिले: आमचे नेहमीचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)