चौकटीतलं शून्य

दि. ४ मार्च

ती. ताईस,
गुंडीचा वाकून नमस्कार.

आम्ही तिघंही बरे. फोनवर बोलताना हे शेजारीच असतात, म्हणून लिहितेय. वाचून फाडून टाक.

ह्यांची पीएचडी झाली तेव्हा वाटलं, संपलं एकदाचं. तर आता पोस्टडॉक. मी विचारलं, म्हणजे पोस्टात का? तेव्हा हसले होते. परक्या विद्यापीठात कुणा सरांच्या हाताखाली आणखी दोन वर्षं संशोधन करायचं म्हणे. अकरा अर्ज केले, दहा जणांनी नाही म्हटलं. आता हसत नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड. मी जिन्यावरच्या बाईंना किती वाजले विचारते, घरात घड्याळ असून. तेवढंच मोठ्या माणसाशी बोलणं.

अकरावा अर्ज कागदावर होता. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. मला कुठलं इंग्रजी येतंय, पण आकडे आणि अक्षरं कळतात. एका चौकटीत शून्य. वर एफ होता, फॅमिलीचा. परवा ह्यांना विचारलेलं, आम्हालाही नेणार ना? तर म्हणाले, बघू. ताई, ह्या परक्या गावात बाळाला घेऊन मी एकटी मागे राहून काय करू? शून्यावर गिरवून दोन केलं. एक मी, एक बाळ. आणि पेटीत टाकून आले.

चुकलं का गं? माया कमी करू नकोस.
तुझी गुंडी

दि. ११ मार्च

चि. गुंडीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र फाडलं. शहाणे, लहानपणी माझ्या पाटीवरची उत्तरं पुसून आपली लिहायचीस, ती खोड अजून आहेच म्हणायची! एफ काय फक्त फॅमिलीलाच असतो? फुटबॉललाही असतो. आजच्या आज त्याला सांग. रागावला तर रागावू दे, निदान बोलेल तरी.

तू गेल्यापासून इथे माझ्याशी भांडायला कुणी नाही. बाळाचा पापा घे. लिहीत जा.
तुझी ताई

दि. २५ मार्च

ती. ताईस,
गुंडीचा नमस्कार.

सांगायचा धीर होईना, तोवर तिथल्या सरांचाच फोन आला. आधी दोन वर्षं फेलोशिप केलीत लिहिलंय, ती कुठे केलीत? एफ फेलोशिपचा होता गं. हे पांढरेफटक पडले. ‘मी खोटं लिहिलं नाही,’ एवढंच हे सरांना म्हणत राहिले. मग मी सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिथंच बसून सरांना खरं काय ते कळवलं. उत्तर गोड शब्दांत आलं, पण जागा दुसऱ्याला गेली.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी त्याच अर्जाची नक्कल काढली, मागची बाजू माझ्यापुढे धरली. तिथे आणखी एक चौकट होती, सोबत येणाऱ्या माणसांची. त्यात ह्यांच्या अक्षरात दोन. आधी जागा तरी मिळू दे, म्हणून बघू म्हणालो, असं म्हणाले. मला रडूच फुटलं.

काल बारावा अर्ज भरला. एकेक चौकट मला वाचून दाखवली. शेवटची रिकामी ठेवली आणि पेन माझ्या हातात दिलं. दोन वाकडं आलं. खोडून नीट काढते म्हटलं, तर म्हणाले, राहू दे तसंच.

आठवण ठेव.
तुझी गुंडी