दर्शनची पकड

८ जानेवारी, कुळगाव
ताईच्या साखरपुड्याला आलोय, पण डोकं कॅम्पमध्येच. हरियाणातून निघताना कोचसाहेब बोलले, "तेरे उधर लेफ्ट कॉर्नर अच्छे निकलते हैं. एक ढंग का देख के आ."
मला! मी तिकडे मॅट अंथरणारा, खेळाडूंच्या घोट्याला पट्ट्या मारणारा. गुडघा गेला नसता तर आज... जाऊ दे. आठवी नापासाला कबड्डीच्या प्रो टीमने ठेवलंय तेच खूप.

१० जाने.
अंबरनाथला आपल्या मंडळाची मॅच बघितली. डाव्या कोपऱ्याला आपल्याच गावचा दर्शन, भोईरकाकांचा. घोटा धरला की सोडत नाय. चढाईवाला मधल्या रेषेकडे ओढत नेतो, हा पोटावर घसटत जातो, पण बोटं उघडत नाहीत.
वजन ठीक, खांदे ठीक. मुख्य म्हणजे घाई नाय. या वयात कोपऱ्यातली पोरं उगाच झेप घेतात आणि आउट होतात. हा थांबतो, थांबतो, आणि बरोबर टायमाला जातो. हे शिकवून येत नाय, असं मला वाटलं.
मोबाईलवर शूट केलं. फुल झूम, फ्रेममध्ये फक्त दर्शन.

११ जाने.
सकाळी मंडळाच्या मैदानात परत बघितलं. त्याच्या बाजूला बंटी उभा राहतो, उल्हासनगरचा, जीन्सच्या कारखान्यात असतो. शाळेपासून या दोघांची साखळी, हातात हात. बंटी जाडा, लवकर दमतो.
मला बोलला, "भाई, मेरा भी व्हिडिओ निकाल ना. लग्न जमवायला कामाला येईल."
मी बोललो, "आधी वडापाव कमी कर."
सगळी पोरं हसली. तो पण हसला.

१४ जाने.
साखरपुडा झाला. व्हिडिओ बघून कोचसाहेबांचा मेसेज, "भेज दे." दिवसभर हवेत होतो.
भोईरकाका जेवून बाजूला घेऊन गेले. आनंदनगरची एक कंपनी आपल्या कबड्डी टीममध्ये दर्शन आणि बंटीला घेतेय. पक्की नोकरी, पण दोघं जोडीने पाहिजेत. काका बोलले, "तू त्या लायनीत आहेस. तू सांग, काय करू?"
मी बोललो, "काका, कंपनी काय पळून जातेय? हा चान्स परत नाय."
काका मान हलवत राहिले. काकी लांबून बघत होती. तिने मला पान पण दिलं नाय.

१७ जाने.
दर्शनने कंपनीला नाय कळवलं, मग कंपनीने बंटीला पण नको सांगितलं. जोडी नाय तर एकटा कशाला.
बंटीचा फोन नाय आला. मी पण नाय केला.

२ फेब्रुवारी, हरियाणा
दर्शन येऊन आठवडा होत आला. एक पकड नीट नाय. उशिरा जातो, नायतर जातच नाय. चढाईवाला समोरून बोनस मारून जातो, हा बघत राहतो.
कोचसाहेब: "वीडियो वाला लड़का यही है ना? या इसका भाई भेज दिया?"

४ फेब्रु.
व्हिडिओ परत परत लावला. दर्शन थांबतो, थांबतो, जातो. कशावरून जातो ते कुठे दिसतच नाय. शेवटी बंटीला फोन लावला.
"अरे, मी हात दाबायचो ना! चढाईवाल्याचं वजन मागच्या पायावर गेलं की दाबायचा. दाबला की हा घुसणार."
"मग तेव्हा का नाय बोललास?"
"तू विचारलंस कुठे? तू वडापाव विचारलास."
मी जन्मभर चढाया केल्या. साखळी कायम समोरून बघितली, आत कधी उभा राहिलो नाय. समोरून हात दिसतात, हातात काय चाललंय ते दिसत नाय. एका खेळाडूला बघायला गेलो आणि अर्धाच बघून आलो.

५ फेब्रु.
दर्शनला सांगितलं, इथे कोण दाबणार नाय, स्वतः पाय बघ.
"बघतो दादा. बघेपर्यंत तो निघून जातो. मला पाय कधी दिसलाच नाय. बंटीला दिसायचा."
रागाने नाय बोलला. रागावला असता तर बरं झालं असतं.

७ फेब्रु.
दर्शनच्या बाजूच्या पोराचा खांदा दुखावला. सरावापुरता मला उभा केला, गुडघ्याला पट्टी मारून. चढाईवाल्याचं वजन मागे गेलं, मी दाबला. दर्शन असा घुसला की समोरचा आडवा! परत तेच. परत.
कोचसाहेब खूश. "आज खुला है लड़का!"
मला पण जाम आनंद झाला. आंघोळ करताना उतरला. उद्या मी परत मॅटच्या बाहेर, हातात पट्ट्यांचं बंडल.

९ फेब्रु.
काकांचा फोन. कंपनीने अजून दुसरी जोडी घेतली नाय. दर्शन स्वतःहून परत आला तर दोघांना घेतील. प्रो टीमने काढून टाकलेला मात्र नको, कंपनीच्या साहेबाने स्पष्ट सांगितलंय. काका बोलले, "पोराला तूच समजव काय ते. आमचं ऐकेल न ऐकेल."
दुपारी कोचसाहेबांनी विचारलं, "परसों छँटनी है, कुछ लड़के घर जाएँगे. तेरे वाले का क्या करूँ?"
मी बोललो, "एक दिन दो, सर."
"लो जी, मॅट बिछाने वाला भी टाइम माँग रहा है!"
संध्याकाळी, त्याला स्वतःहून परत जायला सांगायचं ठरवून, दर्शनच्या खोलीवर गेलो. आता त्याच्या बाजूला ओडिशाचा पोरगा खेळणार आहे. दोघांची हिंदी यथातथा. दोघं खाटांच्या मध्ये हातात हात धरून उभे, समोर चढाईवाला असल्यासारखे.
दर्शन त्याला सांगत होता, "इसका पीछे का पैर भारी हुआ, की मेरा हाथ दाबने का. समझा?"
तो भलत्याच वेळी दाबत होता. "अरे, अभी नहीं रे!" दोघं हसत होते. एकदा, एकदाच, बरोबर दाबला असावा. दर्शनचा चेहरा बदलला.
मला बघून बोलला, "दादा, बरा आलास. चल, तू चढाई कर."
चपला काढल्या, आत गेलो. काकांच्या फोनचं काही बोललो नाय अजून.