डावा आयना

बाबा, गाडीचा डावा आरसा फुटला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर कागद घेऊन बसावं असं त्यात काही नाही, आणि हे पाठवायचंही कुठे नाही. पण गाडीचं काही झालं की आधी तुम्हाला सांगायचं, ही सवय अजून गेलेली नाही. मोताळ्याच्या बाजारात मी गाडी उलट्या तोंडाने लावली होती. सोयाबीनची पोती लादलेला ट्रॅक्टर शेजारून गेला आणि ट्रॉलीचा कोपरा आरशाला घासला. बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत, आतली काच चक्काचूर. तुम्ही असता तर आधी ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या आणि मग, गाडी उलटी का लावली म्हणून, माझ्या. अर्थात माझ्या पिढ्या म्हणजे तुमच्याच.

बुलढाण्यात स्पेअरपार्टच्या दुकानात गेले तर तिथला माणूस म्हणाला, "हिटरवाला पाहिजे का साधा, मॅडम? साधा आजच भेटते. हिटरवाला मागवा लागीन." हल्ली काही आरशांच्या काचेमागे तारा असतात. बटण दाबलं की काच कोमट होते आणि तिच्यावरचं धुकं, दव आपोआप उडून जातं. राजूर घाटात थंडीच्या दिवसांत सकाळी काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. धुकं घालवायला तुम्ही तंबाखूची चिमूट पुढच्या काचेवर चोळायचात, आणि उरलेली वाया जाऊ नये म्हणून तोंडात टाकायचात. मी म्हटलं, हिटरवालाच मागवा.

आता आईचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. वर्षभरात तिने एकेक काम सोडलं. आधी भाकरी, मग देवपूजा, मग दारात बसणं. दुखणं काही नाही, डॉक्टरांनी तपासलं. कुठे चल म्हटलं की एकच उत्तर, "माहं काय काम हाये तिथं?" आणि भिंतीकडे तोंड. हे वाक्य मला सहन होत नाही. माणूस असं रोज म्हणायला लागला की एक दिवस ते खरं होतं, अशी मला भीती वाटते.

म्हणून आरसा यायच्या आधीच्या रविवारी, बाजाराला निघताना, मी तिच्या खाटेशी उभी राहून म्हटलं, "आई, डावा आरसा फुटलाय. डावीकडचं पाहायला कोणी नाही."

ती उठून बसली. "काऊन फुटला?" तिने विचारलं आणि चपला शोधायला लागली.

तुमच्या जुन्या जीपला डावा आरसा नव्हताच. मला अजून दिसतं, आपण वरवट बकालला मामाकडे निघालो आहोत, मी मागे पिशव्यांमध्ये, तुमच्या डाव्या हाताला आई, डोक्यावर पदर, मान खिडकीबाहेर. वळण आलं की तुम्ही काही विचारत नाही, नुसते थांबता. मागून कोणी येत असेल तर ती म्हणते, "दम." रस्ता मोकळा असेल तर, "जाऊ द्या." घरात तुमचं नाव तिने कधी घेतलं नाही, तुमच्या शब्दापुढे बोलली नाही. गाडीत मात्र तिने दम म्हटलं की तुम्ही दम धरायचात. मामा चिडवायचे, "जावईबापू, आरसा लावून घ्या आता." तुम्ही म्हणायचात, "कायले? माहा डावा आयना तं बोलते बी." आई पदराआड हसायची. तुम्ही तिचं उघड कौतुक केलेलं मला एवढंच आठवतं.

त्या रविवारी ती पुढे बसली आणि आम्ही घाट उतरलो. मोताळ्यात मी डावीकडे वळायला लागले, तेवढ्यात ती ओरडली, "दम!" माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. एक मोटारसायकल डावीकडून सुसाट निघून गेली. आई शांतपणे म्हणाली, "जाऊ दे आता." मला फार आनंद झाला, बाबा. बाजारात तिने वांग्यांच्या भावावरून एका बाईशी कडाक्याचं भांडण केलं. ऐकत राहावं असं भांडण.

मग काच आली. गाडी उन्हात लावली, जुने तुकडे काढले, दोन वायर नव्या काचेमागे खोचल्या आणि काच जागेवर धरली. बसेना. तेव्हा तुमचं जुनं ओरडणं आठवलं, "जोर काऊन लावून राह्यली वं? आधी जागा पाय." जागा पाहिली, मधोमध तळवा दाबला, टक्‌ करून बसली. आई ओट्यावरून बघत होती.

"ह्या वायरी कायच्या?"

"आरसा गरम होतो. धुकं धरतच नाही."

"पुसा बी लागत नाही?"

"नाही."

"मंग झालं तं," ती म्हणाली आणि आत जाऊन पडली.

पुढच्या रविवारी चल म्हटलं, तर भिंतीकडे तोंड. "आयना हाये ना आता. माहं काय काम?"

त्यानंतरच्या रविवारी मी तिला सांगितलं की नवी काच धुकं धरते, घाटात काहीच दिसत नाही. ती लगेच उठली. "हिटरवाला म्हने! फसवलं तुले त्यानं," वाटभर ती दुकानदाराचा उद्धार करत होती. घाटात धुकं होतंच. तिने काच खाली केली, हात बाहेर काढून पदराने आरसा पुसला आणि मान बाहेर घातली. मी मान वळवून पाहतेच, पण तिने म्हटल्याशिवाय वळत नाही. आता दर रविवारी ती माझ्या आधी गाडीत जाऊन बसते.

आरशात काही खोट नाही, बाबा. दुकानदारही बिचारा सरळ माणूस आहे. वायर मीच उपसून ठेवल्यात. तुमची-तिची भेट होईल तेव्हा एवढं मात्र तिला सांगू नका.