बिनघरट्याच्या पाखराची मालकी

मी, सुमती वीरेंद्र विजयकर, वय वर्षे चोपन्न, पूर्वीचा धंदा बोटीवरील परिचारिका, हल्ली निवृत्त, राहणार फणसवाडी, गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. 'कोणाच्याही दडपणाखाली नसताना' असे शब्द आमच्या वकिलांनी कच्च्या मसुद्यात घातले होते, ते मी खोडले. दडपण आहेच. परवा बोट सुटते. डॉक्टर कमल नवलकर, माझ्या परळच्या इस्पितळातल्या दिवसांपासूनच्या मैत्रीण, म्हणतात की माझ्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, तेव्हा जाऊ नये. थोरले बंधू शरदचंद्र मोरोबा धराधर, ज्यांना मी पुढे नुसते दादा म्हणेन, तेही म्हणतात जाऊ नये. लीलावहिनी तर दोन दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. हे सगळे ऐकून मी जायचे ठरवले आहे, आणि म्हणूनच हा कागद.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वेळ मिळाला नाही.

कलम १. मी कुठे जाते आहे ते प्रथम लिहिते, म्हणजे मागे कोणी तर्क करीत बसणार नाही. मोंबासाला उतरून आगगाडीने युगांडात, आणि तिथून होडीने दलदलीत. तिथे उंच लव्हाळ्यांमध्ये एक करडा पक्षी असतो, लहान मुलाएवढा उभा, आणि त्याची चोच जाड बुटासारखी. मासा दिसेपर्यंत तो जागचा हलत नाही. आजवर मी उडणारी, पळणारी, भांडणारी पाखरे टिपली, कारण मला स्वतःला एका जागी बसवत नाही. नाकुरूच्या तळ्यावर गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा उठला तेव्हा मी खाऱ्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले होते. स्कॉटलंडच्या एका खडकावर समुद्रपक्ष्यांनी माझ्या अंगावर ओकून मला परत पाठवले, तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. या न हलणाऱ्यापुढे माझा निभाव लागतो का, ते मला पाहायचे आहे.

बोटीवर मरण आले तर देह समुद्राला द्यावा. युगांडात आले तर तिथेच अग्नी द्यावा. अग्नी कोणी दिला, स्त्रीने की पुरुषाने, याची चौकशी करू नये. अस्थी मुंबईला आणू नयेत.

कलम २. बँकेत जे काही असेल ते परळच्या इस्पितळातील परिचारिकांच्या आजारपणासाठी द्यावे. यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

कलम ३. माझे यजमान वीरेंद्र विजयकर विषमज्वराने गेले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. सासरच्यांनी दागिने ठेवून घेतले आणि भात्याचा जुना लाकडी कॅमेरा मला दिला, कारण तो कोणाला वापरता येत नव्हता. मलाही येत नव्हता. तो कॅमेरा, त्याची तिवई, आणि नंतर मी घेतलेला जर्मन कॅमेरा, लांब पल्ल्याच्या भिंगासह, दादाची मुलगी मृणालिनी हिला द्यावा. ती दादरला शाळेत शिकवते. तिला पक्ष्यांची आवड नाही. मोर्चे, सभा आणि डिलाईल रोडवरच्या संपकऱ्यांचे चेहरे तिने टिपलेले मी पाहिले आहेत. ते चांगले आहेत. तिने पक्षी टिपावेत अशी अट मी घालीत नाही.

कलम ४. माझा कापडी आडोसा, ज्याच्या आत बसून मी चित्रे घेते, तो वरळी कोळीवाड्यातील गुणवंती हरेश्वर हिला परत द्यावा. तिनेच तो आपल्या नवऱ्याच्या होडीच्या जुन्या शिडातून शिवला. गुणवंती गिरगावात दारोदार मासळी विकते. पहिल्यांदा मी तिला म्हटले, "मला होडीतून खडकावर सोडाल का? तिथे पाखरं बसतात," तेव्हा तिने टोपली खाली ठेवली आणि विचारले,

"पाखरं खायची हाईत?"

"नाही. फोटो काढायचाय."

"मंग मासलीचा काड. ती हलत नाय."

तरी तिने मला नेले. पुढे शीड शिवताना म्हणाली, "बाय, दर्यान जातंस ती जा, पन परत ये गो." मी प्रत्येक वेळी आले. या खेपेचे सांगता येत नाही. एका फाटक्या कडेखेरीज आडोशाचे शीड अजून धड आहे, तिला ते होडीलाही लावता येईल. तिला माझी पांढरी लोकरी शालही द्यावी. ती नको म्हणेल. ऐकू नये.

कलम ५. हे कलम लिहू नये असे वकिलांचे मत आहे. मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, तक्रारी नाहीत, असे ते म्हणतात. पण ही मालमत्तेचीच गोष्ट आहे.

सन १९३७ साली आमच्या बोटीचे यंत्र बिघडले आणि ती सेशेल्स बेटांच्या बंदरात अडकून पडली. मी उतारूंना औषधे देऊन रोज दुपारी किनाऱ्यावर जात असे. चर्चमागच्या एका झाडावर मला पांढरेशुभ्र पाखरू दिसले, डोळा काळाभोर. ते घरटे बांधत नाही. उघड्या फांदीवर एकच अंडे घालते आणि वाऱ्यात तसेच उबवते. मी एका पिंपावर उभी राहून बोट सुटेपर्यंत रोज त्याच्यासमोर असे. शेवटच्या दिवशी ते अंड्यावर बसण्यासाठी छाती खाली करीत होते, पिसे दुभंगली होती, अंडे आणि छाती यांच्यामध्ये बोटभर उजेड होता, तेव्हा मी चित्र घेतले.

चित्राची काच धुऊन, तिच्यावरून कागदी छाप काढून मी घरी ठेवला आणि पुढच्या फेरीला गेले. परत आले तेव्हा दादाने तो छाप शहरातल्या एका छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात पाठवला होता आणि त्याला पदक मिळाले होते. छायाचित्रकार म्हणून नाव होते श्री. शरदचंद्र धराधर.

मी विचारले तेव्हा दादा म्हणाला, "सुमे, तुझं नाव घातलं असतं तर लोकांनी काय विचारलं असतं? विजयकरांची विधवा सून परमुलखात झाडाखाली काय करत होती?"

"पाखरू बघत होती, म्हणून सांगायचं."

"पटलं असतं कोणाला?"

"तुला पटतं ना?"

मी विषय तिथेच सोडला. कारण हेही खरे की ज्ञातीतल्या थोरांनी मला बोटीवर पाठवू नये म्हणून आमच्या दारात बैठक मारली होती, तेव्हा याच दादाने उठून सांगितले होते, "ती जाणार. माझी संमती आहे." धक्क्यावर माझी ट्रंक दर वेळी त्यानेच उचलली. अशा माणसाशी कसे भांडायचे ते मला कळले नाही.

पण पुढे दादा त्या चित्रावर व्याख्याने देऊ लागला. दिव्याच्या यंत्रातून माझ्या सगळ्या काचांवरची चित्रे पडद्यावर पडत, आणि दादा काठीने दाखवीत असे. एका व्याख्यानाला मी बायकांच्या बाकावर बसले होते. एका गृहस्थांनी विचारले, "अंडं फांदीवरून घरंगळत कसं नाही?" दादा म्हणाला, "मादी ते चिकाने चिकटवते."

मला राहवले नाही. मी उठले आणि म्हणाले, "चिकटवत नाही. फांदीला जरासा खळगा असतो, तेवढाच आधार. उठताना पाखरू आधी मागे सरकतं, मग उडतं. पुढे झेपावलं तर अंडं पडेल."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, प्रश्न वक्त्यांना होता. आपण खाली बसावं."

दादा हसून म्हणाला, "माझ्या बहिणीला वाचनाची आवड आहे."

सभा हसली. त्या आठवड्यात मी सगळ्यात लांबची फेरी मागून घेतली. त्यानंतर मी घरात फार दिवस कधी राहिले नाही. लोक मला भटकी म्हणत, आणि मला वाटे, निदान समुद्रावर तरी मला कोणी खाली बसा म्हणत नाही.

तरी जाहीर करते की सेशेल्सच्या पांढऱ्या पाखराचे छायाचित्र आणि दिव्याच्या यंत्रातून दाखवलेली प्रत्येक काच ही मी, सुमती विजयकर, हिने घेतलेली आहे. या सर्व काचा डॉक्टर कमल यांनी एखाद्या पक्षिसंग्रहालयाला द्याव्यात. जिथे माझे नाव लावणार नाहीत तिथे देऊ नयेत.

कलम ६. तळमजल्यावरील माझ्या दोन खोल्या, ज्या वडिलांनी माझ्या नावे करून दिल्या, त्या दादाला द्याव्यात. वरील कलमानंतर हे वाचून कोणाला आश्चर्य वाटेल, म्हणून कारण लिहिते.

सन १९५६ च्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला नाकारल्याची बातमी आली आणि गिरगाव पेटले, तेव्हा मी रजेवर घरी होते. मृणालिनी शाळेतून परतली नव्हती. तिला शोधायला दादा बाहेर पडला आणि नाक्यावर त्याच्या मांडीत गोळी शिरली. मृणालिनी मागच्या गल्लीने सुखरूप आली. दादाला मात्र शेजारच्या रामजीने आणि आणखी दोघांनी दाराच्या फळीवर घालून आणले. संचारबंदीत गाडी मिळेना. मी त्याला माझ्या चित्रे धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतल्या मेजावर घेतले. मेजावर काचा वाळत होत्या, त्या हाताने बाजूला लोटल्या. काही फुटल्या. पाटलोण कापली, आडोशाच्या कापडाची पट्टी फाडून मांडी आवळली आणि दोन्ही तळवे जखमेवर दाबून उभी राहिले.

"सुमे, मी मेलो तर..." दादा म्हणाला.

"बोलू नकोस. पाय हलवू नकोस."

"तुझ्या काचा फुटल्या."

"पुन्हा काढीन. गप्प पड."

गाडी येईपर्यंत मी हात काढला नाही. इतका वेळ एका जागी मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते, पाखरासाठीसुद्धा नाही. माझी बोट मला सोडून गेली. दादा वाचला, पण पाय आखडला. त्याचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढताना तो कठडा धरून थांबतो, तो आवाज मला खाली ऐकू येतो. चार वर्षे मी सांगते आहे की माझ्या बाहेरच्या खोलीत ये. येत नाही. मानी आहे. मी मेल्यावर तरी येईल. म्हणून खोल्या त्याला.

माझा राग गेला आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. पाय दुखतो म्हणून खोल्या देत आहे, इतकेच.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टर कमल नवलकर यांनी करावी.

येथे मृत्युपत्र संपायचे होते. पुढचे, वकील नको म्हणत असताना, त्याच कागदावर लिहीत आहे.

वकिलांनी वरील मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचला. साक्षीला डॉक्टर कमल आणि रामजी असे ठरले होते. पाचवे कलम चालू असताना वहिनी आत निघून गेल्या. दादा जिथे होता तिथेच बसून राहिला. मी खिडकी ते दार अशा येरझारा घालीत होते आणि मनात म्हणत होते, लवकर वाचा, लवकर संपवा, मला सामान बांधायचे आहे. वाचन संपल्यावर दादा म्हणाला, "रामजी, तू राहू दे. साक्षीदार म्हणून मी सही करतो."

वकील म्हणाले, "तसं करू नका, शरदराव. तुम्हाला खोल्या मिळताहेत. ज्याला लाभ आहे त्याने साक्षीला राहू नये. उद्या हरकत निघाली तर खोल्या जातील."

"मग खोल्या काढा."

"शिवाय साक्षीदार नुसत्या सहीची साक्ष देतो. मजकूर खरा की खोटा, याच्याशी त्याचा संबंध नसतो."

"मी मजकुराचीही देतो. तसं लिहिता येतं की नाही, एवढं सांगा."

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "दादा, तुला जिना चढवत नाही."

"चार वर्षं चढतोच आहे."

"घाईत काही ठरवू नकोस."

"घाईत?" दादाचा आवाज फुटला. "अगं, एवढी वर्षं झाली. गोळी लागली त्या दिवशी सांगणार होतो. तू गप्प पड म्हणालीस, मला बरंच झालं. मेजावर पडल्या पडल्या मी तुझ्या त्या काचा बघत होतो. माझं एकही पाखरू नव्हतं त्यात."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. मला रडू येईल असे वाटले, ते आले नाही. छातीत नुसती धडधड होत होती, आणि डॉक्टर कमल माझी नाडी पाहण्यासाठी उठल्या तर मी हात मागे घेतला.

म्हणून कलम ६ रद्द करीत आहे. खोल्या बोटीवर काम करणाऱ्या, मुंबईत घर नसलेल्या परिचारिकांना दोन फेऱ्यांच्या मध्ये राहण्यासाठी द्याव्यात. व्यवस्था डॉक्टर कमल पाहतील.

मात्र मी जिवंत आहे तोपर्यंत खोल्या माझ्या आहेत, आणि तोपर्यंत दादाने खालीच झोपावे. हे मी त्याला सर्वांदेखत सांगितले. म्हटले, "नाही म्हणालास तर बोटीचं तिकीट फाडते."

"झोपतो," दादा म्हणाला. "तू जा. त्या न हलणाऱ्याला हलवून ये."

बोट समुद्रात असताना इकडे नवे राज्य होईल. तेव्हा मी कोणत्या राज्यात मृत्युपत्र केले असा वाद निघाल्यास, ते मी फणसवाडीत केले एवढे पुरे.

स्थळ : फणसवाडी, गिरगाव, मुंबई
दिनांक : २० एप्रिल १९६०

सही : सुमती वीरेंद्र विजयकर

आमच्यादेखत सही केली :

१. डॉ. कमल नवलकर, परळ. प्रकृतीबाबत माझा सल्ला मानलेला नाही. बुद्धी उत्तम आहे.

२. शरदचंद्र मोरोबा धराधर, फणसवाडी. कलम पाचवे मी स्वतः पुन्हा वाचले. त्यातील शब्द न् शब्द खरा आहे. सर्व छायाचित्रे माझ्या बहिणीची आहेत.