पट्टीनं सापडलेलं गाव

प्रिय अप्पा,

'तीर्थरूप' लिहिणार होते, पण तीर्थरूपांवर रागावता येत नाही आणि मला आज थोडं रागवायचं आहे. तुम्हाला जाऊन दहा महिने झाले. इतके दिवस एक ओळ लिहिली नाही, मग आजच का? कारण समोर सेमलखेडीच्या जमिनीच्या विक्रीचा कागद पडलाय. आईची सही झाली, वसंताची झाली, माझी तेवढी राहिलीय. उद्या सकाळी लाकडाचा ठेकेदार कागद न्यायला इथं ग्वाल्हेरला, दाना ओलीतल्या आपल्या घरी येणार आहे.

वसंता तर चार दिवस मागे लागलाय. "ताई, तू बस सही कर. त्या जंगलाचं आपल्याला काय मतलब? एक फालतू जमीन गळ्यात पडली होती, ती सुटतेय." तुमचा मुलगा असाच बोलतो आता, अर्धं हिंदीत. तुम्ही असतात तर वाक्य परत म्हणायला लावलं असतंत.

पण अप्पा, जमीन गळ्यात पडली नव्हती. तुम्ही ती पट्टीनं शोधून काढली होतीत. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, आणि राजधानी ग्वाल्हेरला की इंदूरला यावरून इथं बाड्याच्या चौकात रोज संध्याकाळी भांडणं होत. शेवटी सहा महिने इथं, सहा महिने तिथं असं काहीतरी ठरलं. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "हे टिकणार नाही. दोघांचं भांडण मिटवायला राजधानी बरोबर मध्ये न्यावी लागेल." दुसरा कोणी एवढं बोलून जेवायला बसला असता. तुमची हयात दरबारच्या नकाशाखात्यात गेलेली. तुम्ही जमिनीवर नकाशा पसरलात, ग्वाल्हेर ते इंदूर पट्टी ठेवलीत आणि मधोमध लाल पेन्सिलीनं ठिपका दिलात.

पेन्सिलीचं टोक जरा बोथट होतं, त्यामुळे ठिपक्याखाली तीन गावं आली. त्यातलं सेमलखेडी तुम्ही निवडलंत, का तर तिथं विहिरीला बारमाही पाणी आहे असं कोणीतरी सांगितलं. मंत्र्यांना पाणी तर लागणारच!

आई म्हणाली होती, "अहो, तिथे तर मोटार पण नाही जात."

"राजधानी आली की रस्ता येतो."

"आणि आधी राजधानी कशी यायची? बैलगाडीत बसून?"

 पंधरा दिवसांनी पाच बिघे घेऊनच आलात, सोबत हिवतापही घेऊन आलात. कोयनेल घेत अंथरुणात पडल्यापडल्या तुम्ही आम्हाला भाव समजावून सांगत होतात. सचिवालयासमोरची जमीन म्हणजे काय, याची आम्हा अडाण्यांना कल्पना नव्हती. वसंता तेव्हा दौलतगंजातल्या मित्रांना सांगत सुटला होता की आमचा बंगला मुख्यमंत्र्यांच्या शेजारी होणार.

मग एक दिवस मध्यभारतच राहिला नाही. नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. बातमी शेजारच्यांच्या रेडिओवर ऐकून आम्ही जेवायला बसलो.  आणि मी, तुमची लाडकी, म्हणाले, "अप्पा, पुढच्या वेळी पेन्सिलीला टोक करून घ्या."

सगळे पोट धरून हसले. तुम्हीही हसलात, आमटी मागून घेतलीत. नकाशा मात्र पुन्हा कधी काढला नाहीत. अप्पा, ते वाक्य मला फार लागतं आता. तेव्हा मी स्वतःवर खूश होते.

तर परवा मी ठरवलं, विकायचंच तर काय विकतोय ते निदान पाहावं. शाळेतून दोन दिवसांची रजा घेतली. मोटारीनं गुना शहराच्या पुढं सोडलं, तिथून बैलगाडी, मग नदी. नदीला पूल नाही. गाडीवान म्हणाला, पावसाळ्यात चार महिने गाव तिकडं आणि जग इकडं. साडी वर खोचून पलीकडे जाताना मी तुम्हाला काय काय म्हणाले, ते इथं लिहीत नाही.

मालमत्तेचं भविष्य विचाराल तर शून्य. वीज नाही, दवाखाना नाही, डास मात्र सरकारी नोकरासारखे वेळेवर हजर. तीस-चाळीस घरं. तुमच्या जमिनीत बारा मोहाची झाडं आहेत, ठेकेदाराचा डोळा त्यांच्यावरच आहे.

जमीन सांभाळणारा हरलाल वेशीपर्यंत घ्यायला आला होता. म्हणाला, "बाईसाब, उधर हाईकोर्ट से मत आना, कीचड़ है."

मला वाटलं, याला ऊन लागलंय. मग त्याच्या बायकोनं भाजी आणली, ती म्हणाली मेथी सेक्रेटेरिएटची आहे, तिथली कोवळी असते. तेव्हा कुठे उलगडा झाला. तुम्ही पहिल्याच खेपेला काठीनं रेघा मारून सगळ्या गावाला कचेऱ्या दाखवल्या होत्यात ना? राजधानी भोपाळला गेली, नावं इथंच राहिली. विधानसभेत शेळ्या बसतात. एकीला नुकतीच तिथंच दोन पिल्लं झाली.

मी हसत होते. हरलाल हसला नाही. तो सांगू लागला, बडे बाबू दर साली होळीनंतर चार दिवस येऊन राहत.

दर साली? अप्पा, तुम्ही तर उज्जैनला जातो म्हणून सांगायचात! आई तुमच्याबरोबर दशम्या बांधून द्यायची.

भोपाळ झाल्यावरही येत होते का, मी विचारलं. म्हणाला, उलट तेव्हापासून जास्त रमायला लागले. मोहाखाली खाट टाकून पडायचे, गावातल्यांचे अर्ज लिहून द्यायचे. मग त्यानं मला विहिरीजवळ दोन खोल्यांची आखणी दाखवली. कडेनं दगड लावलेत, तेही सुतासारखे सरळ. "यह वाला कमरा आपका. बाबू बोले थे, बिटिया मास्टरनी है, किताबों को जगह लगेगी. पर अभी उसको बताना मत. वो हँसेगी."

मी हसले नाही, अप्पा. तिथंच दगडावर बसून मोठ्यानं रडले. हरलालची बायको पाणी घेऊन धावली.

एकदा तरी सांगायचं होतंत. राजधानीचा नाद सुटलाय, आता नुसतं ते गाव आवडतं, एवढंच तर सांगायचं होतं. स्वतःच्या आवडत्या जागी जायला तुम्ही चोरासारखे गेलात, आणि ते माझ्यामुळे. याबद्दल तुमच्यावर रागवावं की स्वतःवर, मला कळत नाही. आज दोन्ही करतेय.

हा कागद मी सही न करता परत देणार आहे. वसंता आदळआपट करील, आई म्हणेल पोरगी बापावर गेली. म्हणू दे. मेच्या सुटीत मी सेमलखेडीला जाऊन तुमच्या आखणीवर पाया खणून घेते, आणि तुमच्या खोलीला खिडकी मोहाच्या बाजूला ठेवते. आज जेवताना सगळ्यांना सांगणार आहे. सगळे हसतील, वसंता तर ठसका लागेपर्यंत. मी वचन देते, अप्पा, या वेळी मी त्यांच्यात नसेन.

तुमची,
माली